देऊळगाव राजा स्टेशनात उभी राहिलेली गाडी

मधू,

तुझ्या तेरवीच्या पंगतीत तुझ्याबद्दल काय काय बोललं गेलं ते सांगतो. देवमाणूस म्हणाले. कोणाचं मन कधी दुखावलं नाही म्हणाले. पोटात एक आणि ओठात एक असं कधी केलं नाही म्हणाले. मी पानातल्या बुंदीकडे बघत बसलो होतो. तुझ्या दुकानातून कधीतरी नळाची तोटी नेलेली माणसं ती, त्यांना तू काय ठाऊक? गिऱ्हाइकाशी तू गोडच बोलायचास. कडू बोलायला तू मला राखून ठेवलं होतंस.

मलाही चार शब्द बोला म्हणाले. गुडघा दुखतो म्हणून मी उठलो नाही. उठलो असतो तर खरं बोललो असतो आणि त्या दिवशी वहिनींना ते सोसलं नसतं. म्हणून आता लिहितो आहे. आयुष्यभर तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस, मध्येच तोडायचास. आता तोडून दाखव.

माझं तुझ्याशी भांडण एकाच गोष्टीवरून आहे. आपण दोघांनी मिळून तुझ्या गोदामात एक रेल्वे बांधली. फळ्यांवरून फिरेल एवढी छोटी, पण स्टेशन, सिग्नल, मालधक्का सगळं असलेली. आणि ती तू एकदाही चालू दिली नाहीस. मला ती गाडी पूर्ण फेरी मारताना एकदा बघायची होती. यापलीकडे तुझ्याकडून मला आयुष्यात काही नको होतं. तेवढंही तू दिलं नाहीस आणि उठून निघून गेलास.

तू गोष्टी सोयीने विसरायचास, म्हणून सुरुवातीपासून सांगतो. आपल्या गावाला रेल्वे नाही. कधीच नव्हती. आगगाडी बघायची तर जालन्याला जावं लागायचं. शाळेत असताना वह्या आणायच्या निमित्ताने आपण एसटीत बसायचो आणि जालन्याच्या फलाटावर जाऊन उभे राहायचो. वाफेची इंजिनं तेव्हा जायला लागली होती, डिझेलची आली होती. इंजिन सुटताना डोक्यावरून काळा धूर सोडायचं आणि पायाखालचा फलाट थरथरायचा. परत येताना तू तोंडाने त्याचा भोंगा वाजवायचास, थेट गाव येईपर्यंत. एकदा एका म्हातारीने तुला बसमधून उतरवायला सांगितलं होतं. मला तेव्हा तिचं म्हणणं पटलं होतं.

मग तू वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसलास आणि मी एसटीत कंडक्टर झालो. माझी सगळी नोकरी तू मला एकच ऐकवलंस. जालना-खामगाव रेल्वे आली की तुमचा लाल डबा भंगारात जाईल. ती रेल्वे आपल्या आजोबांच्या काळापासून येतेच आहे. मोजणीवाले येतात, दगडांना रंग लावतात, चहा पितात आणि जातात. दगडाचा रंग उडाला की पुन्हा येतात. प्रत्येक वेळी तू दुकानातून उठून त्यांच्या मागे बांधाबांधाने हिंडायचास. मी गाडीतून जाताना तू दिसायचास, ऊन डोक्यावर घेऊन, त्यांची टेप धरून उभा. माझे प्रवासी विचारायचे, हा कोण? मी म्हणायचो, मला नाही माहीत.

मी निवृत्त झालो आणि तू घरी आलास. गोदाम रिकामं केलंय म्हणालास. लोक आणत नाहीत तर आपली रेल्वे आपणच आणू. मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे होतो, हे खरं. घरी बसून करायचं तरी काय होतं?

पहिल्याच दिवशी भांडण झालं. तू म्हणालास, डिझेलचा काळ दाखवायचा. वर तारा नकोत, विजेचे खांब नकोत, हाताचे सिग्नल हवेत. आपण शाळेत होतो तेव्हा रेल्वे आली असती तर ती तशी असती, म्हणून. मी विचारलं, जी गाडी आलीच नाही तिचा काळ तू कसा ठरवतोस? तू चिडलास. मीही चिडलो. मग रुळांच्या रुंदीवरून जुंपली. त्या काळात जालन्याला छोटी लाईन होती आणि खामगावला मोठी. आपली गाडी कुठून येणार त्यावर रूळ ठरणार. मी म्हणालो जालन्याकडून, कारण आपण इंजिन पाहिलं ते जालन्याला. तू म्हणालास खामगावकडून, कारण मोठी लाईन म्हणजे मोठी. या एका गोष्टीवर आपण पुरता उन्हाळा घालवला. लाकडाला हात लागला नव्हता आणि आपण एकमेकांशी बोलणं बंद करून बसलो होतो. शेवटी तुझंच झालं. गोदाम तुझं होतं ना.

बाकी सगळ्यातही तुझंच झालं. मी लावलेला सिग्नल तू रात्रीतून काढून पलीकडे लावायचास आणि सकाळी म्हणायचास की तो आधीपासून तिथेच होता. स्टेशनच्या पाटीवरची अक्षरं मी रंगवली, बघायला येणाऱ्यांना तू सांगितलंस की ती तू रंगवलीस. मी शेजारी उभा होतो. गावात या कामाला मधूभाऊची रेल्वे असं नाव पडलं. मला कोणी काही विचारलं की तू मध्येच उत्तर द्यायचास. मी कधी तरी तुझा हात धरून म्हणालो का, की मी पण आहे इथे? म्हणायला हवं होतं. तू ऐकलं नसतंस, तरी.

हे सगळं लिहिताना एक कबूल करावं लागतं, तुझ्या नावाने बोटं मोडत का होईना. त्या कामात मजा होती. रुळांमधली खडी आपण खऱ्या दगडाचा चुरा चाळून काढली, पिठाच्या चाळणीने, आणि वहिनींनी ती चाळणी पुन्हा घरात घेतली नाही. वाळलेल्या तुळशीच्या काड्यांची आपण बाभळीची झाडं केली. लाकडाचा भुसा रंगवून ज्वारीची शेतं केली. इंजिनाची खालची चाकं आणि मोटार परदेशातून आली होती, पण वरचं धूड तू स्वतः पातळ पत्रा कापून केलंस, महिने घालवून. त्याच्या डोक्यावर धुराचा काळा डाग हवा म्हणून वहिनींची काजळाची डबी आणलीस. फलाटासमोर रुळांच्या मधोमध इंजिनातून तेल ठिबकल्याचे डाग तू बारीक कुंचल्याने काढलेस. ते बघून मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर चांगलं बोलावं लागलं असतं. जालन्याच्या फलाटावर अगदी तसेच डाग होते. ते मी विसरलो होतो, तू विसरला नव्हतास. त्या एका दिवशी तुझ्याबद्दल मला जे वाटलं ते तुला सांगितलं नाही. आता सांगतो. मला तुझा अभिमान वाटला होता.

मग काम झालं. रूळ जोडले गेले, वायरी गेल्या, डबे हाताने ढकलून आपण सगळा मार्ग तपासला. डबे सुरेख फिरत होते. इंजिन तेवढं जोडायचं राहिलं. त्याच दिवसांत मला कावीळ झाली आणि मी बरेच दिवस अंथरुणावर होतो. बरा झालो तसा पहिला तुझ्याकडे आलो. म्हटलं, चल, चालवू. तू इंजिन फलाटाशी उभं करून त्यावर पिवळा रुमाल टाकला होतास. म्हणालास, नाही.

"खरी गाडी येईन त्या दिवशी हिचा नारळ फोडू. तवर ही उभीच राहीन बे, पभ्या."

मला वाटलं गंमत करतोस. तू गंमत करत नव्हतास. तू मला भाषण दिलंस. ज्या गावाला रेल्वे नाही त्या गावाने खेळण्यातली गाडी पळवून समाधान मानायचं म्हणजे हार मानणं. आपली गाडी वाट बघेल. ती उभी आहे हे बघून लोकांना आपलं काय राहिलंय ते कळेल. आणि लोकांना हे फार आवडलं, मधू. शाळेच्या सहली यायला लागल्या. रुमाल घातलेल्या इंजिनासमोर उभं राहून तू तेच भाषण करायचास आणि मास्तरांच्या डोळ्यांत पाणी यायचं. कोणीतरी तुझा फोटो काढून छापला. त्यात मी अर्धा आहे, खांबाच्या मागे.

मी किती तऱ्हांनी सांगून पाहिलं. कोणी नसताना, दार लावून चालवू म्हटलं. कोणाला कळणार नाही. अर्धीच फेरी मारू म्हटलं. तू ऐकलं नाहीस. दर दसऱ्याला, जशी आम्ही डेपोत बसला झेंडूची माळ घालून पूजा करायचो तशी तू त्या इंजिनाची पूजा करायचास. रुमाल काढायचा, पुढच्या कोपऱ्यावर हळदकुंकू, एक फूल, उदबत्ती आणि परत रुमाल. वाहनाची पूजा करून ते उभंच ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुंकवावर कुंकू चढून त्या कोपऱ्यावर जाड थर बसला होता. पुसू का म्हणून मी एकदा हात पुढे केला तर तू असा ओरडलास की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

तू जायच्या थोडे दिवस आधी आपण शेवटचे बोललो ते दुकानात. तू बिजागऱ्या निवडत होतास. मी म्हणालो, मधू, आपण मेल्यावर चालवायची का ती गाडी? तू वरसुद्धा पाहिलं नाहीस.

"तू आधी मर. मंग पाहू."

हे शेवटचं वाक्य. लोकांना मित्राचं शेवटचं काहीतरी जपून ठेवायला मिळतं. मला हे मिळालं. मी चप्पल घातली आणि निघालो, आणि ठरवलं की आता आठवडाभर जायचं नाही. त्याच आठवड्यात तू दुकानाच्या पायरीवर बसलास आणि तिथून उठलाच नाहीस. मला बातमी पानटपरीवाल्याने दिली. घरी मी बायकोवर ओरडलो, चहात साखर नाही म्हणून. साखर होती.

तेरवीनंतर वैशालीचा फोन आला. तुझी लेक आता दुकान बघणार आहे, आणि तुझ्यापेक्षा चांगलं बघेल. तिला टाइल्स ठेवायला गोदाम हवं आहे. त्यात तिचं काही चुकत नाही. काका, हे सगळं काढावं लागेल, म्हणाली, पण बाबांनी ती कधी चालवली नाही. मग तीच म्हणाली,

"एक डाव चालवून पाहू. मंग काढू."

मी गेलो. गोदामात तुझा तो रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास तसाच होता. मी रुमाल काढला. रुळावर ठेवायच्या आधी इंजिन पुसावं म्हणून ओल्या फडक्याने कोपऱ्यावरचं कुंकू काढायला घेतलं. थर निघेना, नखाने खरवडावा लागला. खाली पत्रा चेपलेला होता. इंजिनाची पुढची पायरी तुटून पुन्हा चिकटवलेली होती, तुझ्या त्या पिवळ्या गोंदाने. रंगावर लांब ओरखडा होता. उभं असलेलं इंजिन कशाला आपटलं? मला कळेना. वैशालीला वाटलं उंदराने पाडलं असेल.

मी इंजिन डब्यांना जोडलं आणि बटण फिरवलं. चाललं, मधू. फलाट सोडला, मालधक्का मागे टाकला, सिग्नल ओलांडला. मग कोपऱ्यातल्या खांबाला वळसा घालून जातं ते वळण आलं. तिथे इंजिन थरथरलं, पुढची चाकं रुळावरून उतरली आणि ते फळीच्या काठावरून खाली गेलं. वैशालीने झेललं म्हणून वाचलं. तेवढ्यात दारातून वहिनी बोलल्या. त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या ते आम्हाला कळलं नव्हतं. वहिनी संग्रामपूरच्या, इतकी वर्षं इथे राहून त्यांची बोली तिळभर बदललेली नाही.

"भाऊजी, त्यायनं चालवली व्हती एकदा. तुमी आजारी व्हते तवा. अशीच पडली. मले म्हणे, पभ्याले सांगू नको. तो जन्मभर हासन म्हणे."

मी तिथल्याच एका रंगाच्या डब्यावर बसलो. मला ते वळण घातलं तो दिवस आठवला. मी तुला म्हणालो होतो, हे फार आवळलंस. डब्याच्या खाली पुढे दोन आणि मागे दोन चाकजोड्या आहेत, इंजिनाला तीन आणि तीन. लांब गाडी घाटात कशी वळते ते मी रोज बघत आलोय, हिला एवढी जागा पुरायची नाही. बाजूची रंगाच्या डब्यांची मांडणी हातभर सरकव, म्हणजे वळणाला जागा होईल. तेव्हा मोजणीवाले दोघेजण बघायला आले होते. त्यांच्यासमोर तू म्हणालास, "तू कंडक्टर व्हतास बे, डायवर नाही. तू तिकिटं फाड." ते हसले. मी सिग्नलला रंग देत बसलो.

म्हणजे मी बरोबर होतो. आणि हे तुला माहीत होतं. काविळीतून उठून मी दारात आलो तेव्हाही माहीत होतं. खरी गाडी, नारळ, गावाचं दुःख, शाळेच्या सहली, मास्तरांच्या डोळ्यांतलं पाणी, हे सगळं तू त्या एका वळणावर पांघरूण घालायला उभं केलंस. देवाच्या कुंकवाने तू पोचा झाकलास. इतकी वर्षं दर दसऱ्याला मी त्या पोच्याला हात जोडले.

आणि मी हसलो असतो, हो. खूप हसलो असतो. गावभर सांगितलं असतं. तू मला शिव्या दिल्या असत्यास, मी तुला दिल्या असत्या, वहिनींनी चहा टाकला असता आणि मग आपण मांडणी सरकवली असती. एका दुपारचं काम होतं, मधू. तू माझ्यासमोर एक दुपार चुकीचा ठरू शकला नाहीस, म्हणून तू आपल्या दोघांच्या हातातली वर्षं त्या रुमालाखाली ठेवून दिलीस. मला असा राग आयुष्यात कोणाचा आला नाही. डेपो मॅनेजरचासुद्धा नाही.

वैशालीने विचारलं, काका, काढून टाकू का आजच? मी म्हणालो, करवत आण.

तिने मांडणी रिकामी केली आणि आम्ही दोघांनी ओढून भिंतीला लावली. तुझी फळी मी कापली. कापताना खांबाजवळचं तुझं लाडकं शेत गेलं, ज्वारीचं, भुशाचं. मला वाईट वाटलं नाही. नवी फळी जोडली, मार्ग ऐसपैस फिरवला, रूळ घातले. वैशालीचा हात तुझ्यासारखाच आहे, खिळा एका ठोक्यात जातो. वहिनी दारातच बसून होत्या. मध्येच म्हणाल्या, तुमी त्यायच्यावर लय चिडून राह्यले. मी म्हणालो, हो. त्या म्हणाल्या, मी बी.

संध्याकाळ व्हायच्या आत काम झालं. इंजिन रुळावर ठेवलं आणि बटण वैशालीच्या हातात दिलं. गाडी सुटली. फलाट, मालधक्का, सिग्नल. वळण आलं तेव्हा मी तुला मोठ्याने एक शिवी दिली, वहिनींच्या देखत. इंजिन वाकलं, सगळे डबे एकामागून एक वाकले आणि पलीकडे सरळ झाले. बाभळींच्या मागून गेले, तेलाच्या डागांवरून परत आले आणि गाडी आपल्या गावाच्या पाटीसमोर येऊन थांबली. वैशाली टाळ्या वाजवत होती आणि रडत होती. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. ज्याच्याकडे बघून म्हणायचं होतं, की बघ, सांगितलं होतं ना, तो माणूस तेवढा खोलीत नव्हता.

चालली, मधू. तू नसताना चालली. हे मी तुला कधीही माफ करणार नाही.